नगरसेवकाची प्रभाग फेरी: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. एवढ्या काळात तुंबलेली गाऱ्हाणी आता नव्या नगरसेवकांच्या दारात येऊन उभी आहेत. प्रत्येकाची पहिली मागणी एकच असते, "एकदा आमच्या गल्लीत येऊन बघा." मग फेरी निघते, हार घातले जातात, फोटो निघतात, अधिकारी मान डोलावतात. महिनाभराने त्या गल्लीत गेलं तर तेच चेंबर तसंच वाहत असतं.

पुण्यात नागरिकांच्या बाजूने मी बरीच वर्षं अशा फेऱ्यांमध्ये चालतो आहे. ज्या नगरसेवकांची कामं होतात ते सगळेच वजनदार किंवा सत्ताधारी पक्षाचे नसतात. त्यांच्याकडे एक वही असते आणि पुढची फेरी मागच्या फेरीची नोंद वाचून सुरू होते. या लेखात ती पद्धत सविस्तर मांडली आहे. ती नगरसेवकांसाठी, त्यांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी आणि नगरसेवकाला गल्लीत बोलावणाऱ्या नागरिकांसाठीही आहे. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत, पण नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर इथेही नावं थोडी बदलून हेच चालतं.

आधी आपला अधिकार ओळखा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे आहे. नगरसेवक थेट कोणाला "हा रस्ता खोदा" असा आदेश देऊ शकत नाही. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, तिथेही हीच विभागणी आहे. नगरसेवकाच्या हातात सभागृहातला प्रश्न आणि ठराव, अंदाजपत्रकातली तरतूद, प्रभाग समितीतलं (काही प्रभाग मिळून असलेल्या नगरसेवकांच्या समितीतलं) स्थान आणि लेखी पत्र असतं. ही चारही साधनं पुराव्यावर चालतात, आणि पुरावा मिळवण्याची जागा म्हणजे फेरी. हे डोक्यात पक्कं असलं की फेरीत ओरडाआरडा करण्याची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट बहुसदस्यीय प्रभागाची. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून येतात, म्हणजे एका प्रभागाला चार जण आणि एका प्रभागाला पाच. मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक. चार जण असले की नागरिक चौघांकडेही तीच तक्रार घेऊन जातो आणि चौघेही दुसऱ्यावर सोडतात. पक्ष वेगळे असले तरी पहिल्या महिन्यातच बसून प्रभागाचे चार भाग करा आणि कोणता भाग कोणाकडे ते लोकांना जाहीर सांगा. विषयवार वाटणी (पाणी एकाकडे, कचरा दुसऱ्याकडे) कागदावर छान दिसते, पण गल्लीत तिचा गोंधळ होतो. तुंबलेल्या गटारामुळे पाणी दूषित झालं तर माणसाने जायचं कोणाकडे? भौगोलिक वाटणीच बरी.

फेरीआधीचा आठवडा

क्षेत्रीय कार्यालयातून (पालिकेच्या आपल्या भागातल्या कार्यालयातून) पुढचे कागद मागून घ्या: प्रभागाचा हद्दीसह नकाशा, विकास आराखड्यातली आरक्षणं, सध्या चालू असलेल्या कामांची यादी कार्यादेशाच्या (वर्क ऑर्डरच्या) तारखेसह, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या रस्त्यांचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड झाल्यास ठेकेदारानेच दुरुस्ती करायची मुदत. हा शेवटचा कागद सोन्यासारखा आहे. रस्ता करून वर्षही झालं नसेल आणि खड्डा पडला असेल, तर तो त्याच ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो. ते माहीत नसलं की त्याच खड्ड्यासाठी पुन्हा नव्याने पैसे पडतात.

याशिवाय पाणी सोडण्याच्या वेळा वॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याकडून समजून घ्या. कार्यालयातल्या तक्त्यापेक्षा त्याचं म्हणणं जास्त खरं असतं. घंटागाडीचा मार्ग आणि वेळ, कोणत्या गल्लीला कोणता मुकादम, कोणत्या भागाला कोणता कनिष्ठ अभियंता, हे एका पानावर लिहून घ्या.

मग संपूर्ण प्रभाग एकाच दिवशी पाहण्याचा मोह टाळा. दोन तासांत चालून होईल एवढाच पट्टा घ्या. दहा-बारा गल्ल्या पुष्कळ झाल्या. नकाशावर असे पट्टे आखले की वर्षाचं वेळापत्रक आपोआप तयार होतं, आणि आपली पाळी कधी येणार हे शेवटच्या वस्तीलाही कळतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात आली. अशा समाविष्ट गावांच्या भागात मात्र पट्टे आणखी लहान ठेवा. तिथे जुनी ग्रामपंचायतीची लाइन, नवी सोसायटी आणि टँकर हे सगळं एकाच रस्त्यावर असतं, त्यामुळे समजून घ्यायला वेळ लागतो.

फेरीची सूचना सहायक आयुक्तांना चार-पाच दिवस आधी लेखी द्या. त्यात पट्टा, वेळ आणि कोण हवं ते स्पष्ट लिहा: पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि पथ विभागाचे कनिष्ठ अभियंते, आरोग्य निरीक्षक, विद्युत विभागाचा माणूस. नागरिकांना गल्लीच्या फलकावर किंवा सोसायटीच्या गटावर कळवा. फ्लेक्स लावू नका. विनापरवाना फलक हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा पाळायला सांगणाऱ्यानेच तो मोडावा हे लोकांना दिसतं.

वेळ निवडणं

सकाळी दहाला निघालेल्या फेरीत रस्ता झाडलेला असतो, नळ बंद झालेले असतात, दिवे लागायचे असतात आणि निम्मी वस्ती कामावर गेलेली असते. त्या वेळी दिसणारा प्रभाग फार सोज्वळ असतो.

पाण्याची तक्रार असेल तर पाणी सुटण्याच्या वेळीच जा, मग ते पहाटे पाचला का असेना. कचऱ्यासाठी सकाळी साडेसहाला आरोग्य कोठीवर सफाई कर्मचाऱ्यांची हजेरी घेतात तिथून सुरुवात करा. झाडू कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोला, हातमोजे आणि बूट मिळाले का ते विचारा. गल्लीतली सगळ्यात अचूक माहिती त्यांच्याकडे असते आणि ती त्यांना कोणी विचारत नाही. दिवे आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी रात्री आठ ते दहा. आणि वर्षातून एकदा तरी भर पावसात, छत्री घेऊन. पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कोणाच्या उंबऱ्यातून आत शिरतं हे उन्हाळ्यातल्या पाहणीत कळतच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं गेली. ओढ्याकाठचे लोक आजही पाऊस वाढला की जागे राहतात. त्यांच्या प्रभागात पावसाळी फेरी हा शिष्टाचार म्हणून करायचा भाग नाही.

कोणाला बरोबर घ्यायचं

अभियंते आणि निरीक्षक धरून आठ-दहा माणसं पुरे. कार्यकर्त्यांचा घोळका असला की सामान्य माणूस दार उघडून फक्त नमस्कार करतो. त्या पट्ट्यातली एक वयस्क व्यक्ती, एक दोन स्त्रिया आणि शक्य असल्यास एखादी अपंग व्यक्ती मुद्दाम बरोबर असावी. आजींच्या गतीने चाललात की फूटपाथ कुठे तुटतो हे न सांगता कळतं.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. तरीही कितीतरी प्रभागांत नगरसेविका मागे उभ्या आणि पती किंवा दीर पुढे बोलताहेत असं दिसतं. ताई, वही तुमच्या हातात ठेवा आणि अभियंत्याला प्रश्न तुम्हीच विचारा. सुरुवातीला तांत्रिक शब्द अडतील, तिथे थांबवून "हे मला समजेल असं सांगा" म्हणा. उत्तर देणं त्याचं कामच आहे. दोन-तीन फेऱ्यांत अधिकारी थेट तुम्हाला फोन करू लागतात.

अधिकाऱ्याला लोकांसमोर खडसावणं, चिखलात उभं करणं, त्याचा व्हिडिओ काढणं, हे प्रकार टाळ्या मिळवतात आणि काम मारतात. त्या दिवसापासून तो अभियंता फक्त नियमावर बोट ठेवून वागतो. धक्काबुक्की झालीच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली लोकसेवकावरील हल्ल्याचा गुन्हा होतो, तो वेगळाच. चुकत असेल तर वहीत नोंद करा, पत्र द्या, प्रभाग समितीत विचारा. त्याचा परिणाम जास्त काळ टिकतो.

गल्लीत काय पाहायचं

*पाणी.* गल्लीतल्या पहिल्या आणि शेवटच्या घरात वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा. पहिल्या घरी दोन मिनिटं आणि शेवटच्या घरी आठ-नऊ मिनिटं लागत असतील तर तक्रार "पाणी कमी येतं" अशी राहत नाही, तिला आकडा मिळतो. मग मधे कोणी लाइनला थेट मोटार लावली आहे का, लाइन जुनी आणि गंजलेली आहे का, की वॉल्व्ह अर्धाच उघडतो, हे अभियंत्याला तिथेच तपासता येतं.

पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं त्याचा रंग आणि वास बघा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी असते, आणि गळती असेल तिथून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. घरगुती जोडणीचा पाइप गटारातून गेलेला असेल तर धोका सगळ्यात मोठा. अशी प्रत्येक जोडणी फेरीत शोधून काढा. वस्त्यांमध्ये एका गटारात दहा-दहा पाइप सापडतात. आरोग्य विभागाच्या माणसाला ओटी चाचणीचं (पाण्यातला क्लोरिन तपासायचं) साहित्य आणायला सांगा. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असावा असं मानक आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती. क्लोरिन न सापडलेला नळ ही त्याच दिवशी फोनवर कळवायची गोष्ट आहे, पत्राची वाट पाहायची नाही.

*गटारं आणि चेंबर.* झाकणं उघडून दाखवायला सांगा. तीन गोष्टी तपासा: झाकण हललं किंवा फुटलं आहे का, डांबरीकरणानंतर चेंबर रस्त्याखाली गाडलं गेलं आहे का, आणि मैलापाण्याची लाइन पावसाळी गटाराला जोडली आहे का. शेवटची चूक इतकी सर्रास आहे की ओढ्यांचे नाले झाले ते बव्हंशी तिच्यामुळे. ऑगस्ट २०१७ च्या मुसळधार पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाणी तुंबलं म्हणून झाकण काढून ठेवायची सवय आजही सगळ्या शहरांत आहे. फेरीत हे लोकांना सांगा आणि पावसाळ्यापूर्वी खोल चेंबरवर आतली सुरक्षा जाळी बसवण्याची मागणी लेखी करा.

एक गोष्ट कधीही करायची नाही. चोकअप निघत नाही म्हणून कोणाला चेंबरमध्ये उतरायला सांगायचं नाही, आणि कोणी उतरत असेल तर थांबवायचं. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. लोक घाई करतील, "तो नेहमी उतरतो" म्हणतील. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात जातो. जेटिंग मशीन (दाबाच्या पाण्याने लाइन साफ करणारी गाडी) येईपर्यंत थांबा.

*सार्वजनिक शौचालय.* इथे पुरुष नगरसेवकांनी बाहेरून बघून पुढे जाऊ नये. सहकारी नगरसेविका किंवा बचत गटाच्या ताईंना आत जाऊन यायला सांगा. किती सीट आहेत, किती कुलूपबंद, कडी लागते का, दिवा आहे का, पाणी किती वाजता संपतं, पॅड टाकायला डबा आहे का. स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असं प्रमाण धरलं आहे. वस्तीची माणसं मोजून हा हिशेब मांडा आणि तो पत्रात लिहा. पहाटेची रांग एकदा स्वतः पाहा. रात्री मुलींना तिथे जायला भीती वाटते का हे पुरुषांच्या घोळक्यात कोणी सांगणार नाही, त्यासाठी दुपारी बचत गटाच्या बैठकीत जाऊन बसावं लागतं.

*कचरा.* जिथे रोज कचरा पडतो त्या ठिकाणाला पालिकेत 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. तिथे कुंडी वाढवून किंवा देवाची फरशी लावून उपयोग होत नाही. कचरा कोण, किती वाजता टाकतं ते दोन दिवस पाहा. बहुतेक वेळा असं निघतं की घंटागाडी किंवा स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक ताई येतात त्या वेळी ते कुटुंब कामावर गेलेलं असतं. वेळ बदलली किंवा संध्याकाळची एक फेरी वाढवली की स्पॉट कमी होतो.

*दिवे आणि फूटपाथ* यांचं काम सोपं आहे. बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक टिपा. फूटपाथची मोकळी रुंदी टेपने मोजा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान १.८ मीटर चालायची जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. पथारीवाले दिसले की लगेच हटवा म्हणू नका. आधी पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे का विचारा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही संरक्षण दिलं आहे.

नोंद कशी लिहायची

सगळी फेरी इथे उभी राहते किंवा कोसळते. "गल्लीत पाणी कमी येते, लक्ष घालावे" ही नोंद निरुपयोगी आहे. अभियंता एकदा येऊन जातो, "पाहणी केली" असा शेरा मारतो आणि प्रकरण बंद होतं. नमुन्यादाखल अशी नोंद पाहा:

"गल्ली क्र. ४, मंदिरामागील शेवटची सहा घरे. पाणी सकाळी ६.१० ते ७.००. २० लिटर बादली: पहिले घर २ मिनिटे, शेवटचे घर ९ मिनिटे. दोन जोडण्या गटारातून गेल्या आहेत. पाणीपुरवठा क. अभियंता उपस्थित होते. त्यांचे म्हणणे: १०० मिमीची जुनी लाइन बदलावी लागेल, तोपर्यंत वॉल्व्हची वेळ २० मिनिटांनी वाढवता येईल. मुदत: वॉल्व्ह ८ दिवस, जोडण्या हलवणे ३० दिवस, लाइनचे एस्टिमेट ४५ दिवस."

यात जागा, वेळ, मोजमाप, जबाबदार माणूस आणि मुदत हे सगळं आलं. मुदत अधिकाऱ्यालाच सांगायला लावा, स्वतः लादू नका. त्याने स्वतः दिलेली तारीख त्याला नाकारता येत नाही. फोटोत ओळखीची खूण दिसेल असा कोन घ्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागेवरून दुसरा फोटो काढता येईल. शेजाऱ्याविरुद्धची तक्रार असेल तर तक्रारदाराचं नाव वहीत उघड लिहू नका आणि गल्लीत मोठ्याने उच्चारू नका.

नागरिकांनाही त्यांची तक्रार पुण्यात महापालिकेच्या 'पीएमसी केअर' या तक्रार सेवेवर किंवा मुंबईत १९१६ या हेल्पलाइनवर नोंदवायला सांगा आणि तो टोकन क्रमांक वहीत घ्या. नगरसेवकाचं पत्र आणि नागरिकाचं टोकन दोन्ही असलं की फाइल लपत नाही.

हे काम कोणाचं?

वीज गेली तर महावितरण, पथदिवा बंद असेल तर पालिका. सोसायटीच्या आतला रस्ता बहुधा सोसायटीचा. महामार्गाला लागून असलेला सेवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असू शकतो. सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांशी बोलून ठरते. झाडाची फांदी तोडायची तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. "मी सांगतो, तोडा" असं कोणी म्हणू नये. दुसऱ्या यंत्रणेचं काम असेल तर लोकांना तिथेच तसं सांगा, पण पत्र तुमच्याच लेटरहेडवर जाऊ द्या. "आमच्याकडे येत नाही" एवढं बोलून वळलेला नगरसेवक लोकांच्या लक्षात राहतो.

अतिक्रमण कारवाईबाबत फार सावध राहा. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे नगरसेवकाने बेकायदा बांधकामाला मदत केली, किंवा ते पाडण्यास लेखी वा प्रत्यक्ष अडथळा आणला तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. लोक रडत असतात, जेसीबी उभा असतो, आणि अशा वेळी मन विरघळतं. त्यांना कायदेशीर मदत करायची असेल तर नोटीस आली त्या दिवशी करा: नोटीस वाचा, उत्तराची मुदत सांगा, पुनर्वसनाची पात्रता तपासा, वकिलाकडे पाठवा. जेसीबीसमोर उभं राहून घर वाचत नाही. महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा स्वतःचा हितसंबंध असणं हीदेखील अपात्रतेची बाब आहे. "साहेब, तुमच्याच माणसाकडून काम करून घेऊ" असं फेरीत कोणी सुचवलं तर तिथेच, सगळ्यांसमोर नाही म्हणा.

फेरीनंतरचे दोन दिवस

नोंदींच्या तीन याद्या करा. पहिली यादी साध्या दुरुस्तीची: दिवा, झाकण, चोकअप, खड्डा. हे क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवर होतं, मुदत दिवसांत. दुसरी यादी भांडवली कामांची: नवी लाइन, शौचालय, पावसाळी गटार. यांना पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट), तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रकात तरतूद, निविदा आणि कार्यादेश या सगळ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे महिने लागतात. तिसरी यादी धोरणाची: पाण्याचं वेळापत्रक, पार्किंग, बसचा मार्ग. ती सभागृहात किंवा पीएमपीएमएलसारख्या (पुण्यातली बससेवा) संस्थेकडे न्यावी लागते.

पत्र दोन प्रतींत द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख वहीत त्या नोंदीसमोर लिहा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणं तातडीच्या कामाला चांगलं, पण सभागृहात दाखवायला आवक क्रमांकच लागतो.

भांडवली कामांसाठी महिन्यांचं गणित लक्षात ठेवा. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणजे दिवाळीच्या सुमारास तुमचं पूर्वगणनपत्रक अभियंत्याच्या टेबलावर तयार हवं. मार्चमध्ये 'स' यादीत (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत) घाईने काय घालायचं म्हणून बाकडी, कापडी पिशव्या आणि नामफलक सुचवले जातात, कारण वहीत दुसरं काही नसतं. ज्याच्याकडे वर्षभराची वही आहे त्याला गटारातल्या जोडण्यांचं काम सुचवता येतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांनाही अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. त्या अर्जांची मुदत आली की आपल्या वहीतल्या योग्य नोंदी त्या त्या गल्लीतल्या लोकांना भरायला सांगा.

प्रभाग समितीचा पुरेसा उपयोग फार कमी नगरसेवक करतात. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता आणि पावसाळी पाण्याच्या तक्रारी लवकर सोडवणं हे कायद्यानेच तिचं काम आहे. शिवाय अंदाजपत्रकात तरतूद असेल तर प्रभागातल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामाला ती स्वतः मंजुरी देऊ शकते. मुदत उलटलेल्या नोंदींची यादी दर बैठकीत वाचा. सहायक आयुक्त समोर असतात आणि इतिवृत्तात उत्तर येतं. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूदही झाली आहे. ती कागदावर पडून राहू देऊ नका. चौकात किंवा शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकून घेता येते.

बारसं, दहावा, उद्घाटन आणि शाळा

नगरसेवकाचा निम्मा वेळ या भेटींत जातो. त्यांना तुच्छ लेखू नका. माणूस मत देतो तेव्हा आपल्या दुःखात कोण आलं होतं हे त्याला आठवतं, आणि त्यात काही गैर नाही. फक्त वेळ वाटून घ्या: समारंभ शक्यतो संध्याकाळी, सकाळ कामाची.

सांत्वनाला एकट्याने किंवा एका माणसाबरोबर जा. फोटोग्राफर बाहेरही नको. बसा, ऐका. निघताना घरातल्या जबाबदार व्यक्तीला बाजूला घेऊन हळूच विचारा की मृत्यूची नोंद झाली का. नोंद २१ दिवसांत करायची असते. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रापासून सगळं कुटुंबालाच पाहावं लागतं, आणि दाखल्याअभावी पुढे बँक, पेन्शन, विमा सगळं अडतं. तुमच्या कार्यालयातला माणूस यासाठी पाठवलात तर ती मदत घर विसरत नाही.

महापालिकेच्या शाळेत परिपाठाच्या वेळी जा, पण भाषणासाठी मुलांना उन्हात बसवून ठेवू नका. मुख्याध्यापकांशी पंधरा मिनिटं, मग स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, स्वयंपाकाची किंवा पोषण आहार वाटपाची जागा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का हे शिक्षिकेकडून जाणून घ्या. दवाखान्यात औषधांचा साठा विचारा, रुग्णांच्या रांगेत शिरून फोटो काढू नका.

गणेश मंडळांच्या बैठकीला मंडप टाकण्याआधी जा. परवानगी, रुग्णवाहिकेला वाट, विजेची अधिकृत जोडणी हे तेव्हाच बोलता येतं. आरतीला बोलावलं की लोक फक्त हार घालतात.

दुसरी फेरी

तोच पट्टा, साधारण तीन महिन्यांनी. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मागच्या नोंदी एकेक वाचा: झालं, अर्धवट आहे, झालं नाही. झालेलं काम लोकांनाच दाखवायला सांगा. अभियंत्याने मुदतीत केलं असेल तर त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगा. कोणी शाबासकी देत नाही अशा नोकरीत त्याचं मोल मोठं असतं.

न झालेल्या कामाचं कारण स्पष्ट सांगा: निधी नाही, जागा खासगी आहे, न्यायालयात प्रकरण आहे, निविदेला प्रतिसाद आला नाही. लोक रागावतील. "बघतो, करून टाकू" म्हटलं तर त्या क्षणी शांत होतील आणि पुढच्या फेरीला दार उघडणार नाहीत. जे काम होणारच नाही ते त्यांना आजच कळलं पाहिजे, म्हणजे दुसरा मार्ग तरी शोधता येतो. शेवटच्या सहा घरांना नवी लाइन या वर्षी मिळणार नसेल तर तोपर्यंत वॉल्व्हची वेळ वाढवून द्या, गटारातले पाइप वर उचलून घ्या, आणि लाइनचं एस्टिमेट कोणत्या टेबलावर आहे ते त्या घरांतल्या एखाद्या ताईच्या हातात आवक क्रमांकासह लिहून द्या. तारीख उलटली की त्या स्वतःच क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारतील.